हात आमचे, सही त्यांची

“नर्सला एम.एस्सी. कशाला पाहिजे? बेडपॅन उचलायला मास्टर डिग्री लागते काय?”

हा सवाल सदाशिव पेठेतनं आला असता तर मी थुंकून पुढं गेलो असतो. पण तो येतो आपल्याच वस्तीतनं. समाजमंदिराच्या ओट्यावरनं. चौदा एप्रिलला डोक्याला निळी पट्टी बांधून नाचणाऱ्या पोरांच्या तोंडातनं. पोरगा एमपीएससीला बसतोय म्हटलं की सगळी गल्ली त्याला आत्तापासनं साहेब म्हणायला लागते. पोरगी नर्सिंगमध्ये पुढचं शिकतेय म्हटलं की हीच गल्ली नाक मुरडते. म्हणून हे लिहितोय. मी गोदीत हमाली करतो, दहावी पास आहे, कविता लिहितो. नर्सिंग शिकलेलो नाही. पण ज्या कामात मेहनत एकाची आणि सही दुसऱ्याची असते, त्या कामाबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या पोरींनी आणि पोरांनी नर्सिंगच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत शिकलंच पाहिजे. आणि त्या पायरीवर पोचल्यावर उभं राहायला जागा, म्हणजे पद, पगार आणि सहीचा अधिकार, सरकारनं दिलाच पाहिजे. पहिलं आपण करायचं, दुसरं हिसकावून घ्यायचं. शिकल्याशिवाय मागता येत नाही. आणि मागितल्याशिवाय ते शिक्षण म्हणजे भिंतीवर टांगलेली फ्रेम.

आता ही वरची पायरी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण वस्तीत सगळ्या नर्सा एकाच मापानं मोजतात. खाली ए.एन.एम. आहे, दोन वर्षांची. मग जी.एन.एम., तीन वर्षांची. मग बी.एस्सी. नर्सिंग, बारावीनंतर चार वर्षं. त्यावर दोन वर्षांची एम.एस्सी.; त्यासाठी पदवीला पंचावन्न टक्के लागतात आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. आणि २०१६ ला इंडियन नर्सिंग कौन्सिलनं ह्याच उंचीवर एक नवी गोष्ट आणली: नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, रेसिडेन्सीचा. वीस टक्के वर्गातलं शिक्षण, ऐंशी टक्के थेट रोग्याच्या खाटेजवळ. शरीर आतून कसं बिघडतं त्याचं शास्त्र, औषधांचं शास्त्र, रोगी डोक्यापासनं पायापर्यंत तपासायची विद्या, व्हेंटिलेटर, रक्तातल्या वायूंचं गणित, संशोधन वाचून त्यातलं खरंखोटं ओळखणं, हे सगळं त्यात आहे. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे स्वतः तपासणारी, स्वतः विचार करून पाऊल उचलणारी, ठरवून दिलेल्या हद्दीत औषध लिहिणारी आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेणारी नर्स.

हिशोब करा. बारावीनंतर चार, एक अनुभवाचं, दोन पुढची. झाली सात वर्षं. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांत होतं. अभ्यास वेगळा, धंदा वेगळा, कबूल. पण सात वर्षं घातलेल्या बाईला तुम्ही “बेडपॅनवाली” म्हणता? तुमच्या जिभेवर कोण बसलंय, मनूच ना?

कारण हा बेडपॅनचा टोमणा नवा नाही. गावाकडं बाळंतीण अडली की मांगवाड्यातल्या सुईणीला अर्ध्या रात्री हाक जायची. अंधारातनं, मागच्या दारानं ती यायची. आडवं आलेलं पोर हातानं चाचपून सरळ करायची. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. आणि बारशाच्या दिवशी तीच बाई अंगणाच्या बाहेर, पदरात सूपभर जोंधळे आणि एक जुनेर घेऊन उभी. बाळाला पहिला हात तिचा लागलेला. पण त्या हाताचा विटाळ. ह्या देशानं शरीराचं ज्ञान अस्पृश्य करून ठेवलं. रक्त, पू, मूत ज्याच्या वाट्याला त्यालाच शरीराची खरी माहिती, आणि त्यालाच अडाणी म्हणायचं! ही हरामखोरी हजार वर्षं चालली.

म्हणून इस्पितळं आली तेव्हा वरच्या जातींनी आपल्या लेकींना नर्सिंगला पाठवलं नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा? रात्रपाळी करायची? छी! ती लाज झुगारून आल्या केरळच्या ख्रिस्ती घरांतल्या मुली, आल्या विधवा, टाकलेल्या, गरजवंत बाया. मुंबईत “मद्रासी सिस्टर” म्हणून ज्यांची टवाळी झाली त्या बायांचे उपकार आपण विसरता कामा नये. विटाळाला पहिली लाथ त्यांनी घातली.

आणि त्यांच्याही आधी एकीनं घातली होती. १८९७. पुण्यात प्लेग. भले भले घरंदाज गाव सोडून पळालेले. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलं आणि लेकाच्या, डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाई १० मार्चला प्लेगनंच गेल्या. आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणून हार घालतो. बरोबर आहे. पण त्या मेल्या ते रोग्याची सेवा करताना. पाटीवरची अक्षरं आणि रोग्याची शुश्रूषा ही त्या बाईच्या लेखी वेगवेगळी कामं नव्हती. मग आपण शिक्षिकेला मान आणि नर्सला टोमणा कसा काय देतो?

आता इस्पितळात चला. दिवसा नको, रात्री दोनला. आयसीयूत खाटा भरलेल्या. कौन्सिलचा नियम सांगतो अतिदक्षतेत एका रोग्यामागं एक नर्स. प्रत्यक्षात एकीच्या गळ्यात दोन, कधी तीन. रोगी खाली चाललाय हे मॉनिटर सांगायच्या आधी तिला कळतं. कपाळावरचा घाम, बोटांची नखं, श्वासाचा आवाज बदललेला. ती फोन लावते. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेला, तोही छत्तीस तासांचा जागा, त्याचंही हाल कुत्रं खात नाही. फोनवर ऑर्डर मिळते. ती ऑर्डर तिला आधीपासनं ठाऊक असते, कारण तीन रात्रीमागं अशाच रोग्याला हेच दिलेलं. पण ती थांबते. थांबावंच लागतं. कागदावर लिहिते: “डॉक्टरांना कळवले.” ह्या दोन शब्दांत किती माणसं गेली असतील!

गोदीत आम्हाला हे नवीन नाही. पोत्याचं वजन कळतं खांद्याला. कागदावर ते लिहितो टॅली क्लार्क. साखळीला बांधलेला माल कुठल्या बाजूला झोका घेणार हे खाली उभ्या असलेल्या टोळीला दिसतं. वर उचलायचा हुकूम देतो मुकादम. माल पडला तर चौकशी खालच्याची. आयसीयूत तेच. ऑर्डर त्याची, हात हिचा, आणि चूक झाली की पहिला मेमो हिला. ज्ञान आहे पण अधिकार नाही, जबाबदारी आहे पण सही नाही, ह्यालाच आपल्याकडं जातिव्यवस्था म्हणतात. फक्त इथं ती पांढऱ्या कपड्यात असते.

ह्या व्यवस्थेला भोक पाडायचं काम एका नर्सनंच केलं, आणि तेही गरिबांच्या पोरांसाठी. अमेरिकेत १९६५ ला कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाची नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचा बालरोगांचा डॉक्टर एकत्र आले. खेड्यापाड्यात, गरीब वस्त्यांत पोरांना डॉक्टर मिळत नव्हता. ह्यांनी म्हटलं, नर्सला अजून शिकवू आणि तिलाच तपासू दे. त्यातनं नर्स प्रॅक्टिशनर निघाली. सुरुवातीला डॉक्टरांच्या संघटना चिडल्या, नर्सिंगच्या काही प्राध्यापिकासुद्धा चिडल्या. पण बाई हटली नाही. १०४ वर्षांची होऊन २०२५ ला गेली. आज तिकडं ह्या कामाला मास्टर किंवा डॉक्टरेट लागते, आणि निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोगी तपासते, औषध लिहिते.

“पण रोग्याचं काय होतं?” चांगला सवाल. २००० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी ह्याचं उत्तर छापलं. होय, तेच कोलंबिया, जिथं बाबासाहेब शिकले. १३१६ रोगी घेतले, बरेचसे स्पॅनिश बोलणारे गरीब स्थलांतरित. चिठ्ठ्या टाकाव्या तसे वाटून काहींना डॉक्टरकडं पाठवलं, काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडं. दोघांना अधिकार सारखे. सहा महिन्यांनी तब्येती तपासल्या. फरक सापडला नाही. म्हणजे अधिकार दिला की नर्स सांभाळते. हे आम्ही ओरडून सांगत नाही, त्यांच्याच कागदावर लिहिलेलं आहे.

आणि अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर अजून एक. ओकलंडला १९६६ ला ब्लॅक पँथर उभे राहिले. त्यांचं नाव १९७२ ला आपल्या मुंबईत आलं. त्या नावानं काय काय पेटलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या मूळ पँथरनी १९७० ला आपल्या शाखांना हुकूम काढला होता की प्रत्येकीनं फुकट दवाखाना चालवायचा. डॉक्टर, नर्स, वस्तीतली शिकवून तयार केलेली पोरं मिळून दवाखाना चालवायची. काळ्यांच्या रक्तातला सिकल सेल, ज्याच्याकडं गोऱ्या व्यवस्थेनं ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्या तपासण्या त्यांनी रस्त्यावर घेतल्या. आपण पँथरची डरकाळी घेतली. पँथरचा दवाखाना घेतला काय?

हाच सिकल सेल आपल्याकडं आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली. आपल्या बौद्ध वस्त्यांत आहे, आदिवासी पाड्यांत आहे. केंद्र सरकारनं २०२३ ला त्याचं मिशन काढलं. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण सिकल सेल एका तपासणीनं सुटत नाही. आयुष्यभराचं दुखणं आहे. हाडं फुटल्यासारख्या कळा कधीही येतात, गोळीचा डोस रक्त तपासून कमीजास्त करावा लागतो, गरोदर बाईला दर महिन्याला सांभाळावं लागतं. ह्याला वर्षातनं एकदा शिबिराला येणारा मोठा डॉक्टर पुरत नाही. रोज तिथंच असणारं, पूर्ण शिकलेलं, औषधाचा अधिकार असलेलं माणूस लागतं. म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर लागते. अमेरिकेत ती जन्मली ती ह्याच कामासाठी.

आणि आपल्याकडं काय केलं? आणली ती थेट आयसीयूत. मोठ्या इस्पितळात, जिथं व्हेंटिलेटर आहेत, जिथं आधीच डॉक्टरांची रांग आहे. आयसीयूतही ती हवी, नको कोण म्हणतंय! मघाशी सांगितलेली रात्र तिच्यावाचून निभणार नाही. पण वस्तीला काय दिलं? २०१८ पासनं आयुष्मान भारतची आरोग्यवर्धिनी केंद्रं आली, तिथं सामुदायिक आरोग्य अधिकारी बसवले. बी.एस्सी. झालेली नर्स नाहीतर आयुर्वेदाचा डॉक्टर घ्यायचा, वर सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, आणि कंत्राट. त्या पोरी जीव तोडून काम करतात, माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण मोजमापाशी आहे. बड्या इस्पितळाला दोन वर्षांची नर्स प्रॅक्टिशनर, आणि पाड्याला सहा महिन्यांची. गरिबाच्या शरीराचा सिलॅबस नेहमीच छोटा कसा?

बाळंतपणाचंही तसंच. २०१८ ला केंद्रानं मिडवाइफरीची धोरणपुस्तिका काढली. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, अठरा महिन्यांचं प्रशिक्षण. विचार चांगला. ज्या सुईणीला मागच्या दारानं आणलं तिच्या नातीला पुढच्या दारानं आणायची ही संधी. बाबासाहेब १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले ते गिरणीतल्या बायांसाठी. त्या वाटेनं पुढं जायचं तर आता नुसती रजा पुरत नाही, बाळंतपण करणारे हात आपले, त्यांची विद्या आपली आणि त्यांचा हुद्दाही आपला पाहिजे.

२०१९ ला नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यात कलम ३२ आलं. सामुदायिक आरोग्य पुरवठादारांना मर्यादित परवाना द्यायचं. डॉक्टरांची संघटना रस्त्यावर उतरली. म्हणाली, अर्धवट शिकलेल्यांच्या हाती गरिबाचा जीव देता काय? बोंब मारणाऱ्यांत असे किती होते ज्यांनी खेड्यातली पोस्टिंग पैसे भरून टाळली, ते सोडा. मुद्दा खरा आहे. अर्धवट शिकलेला माणूस आपल्याला नकोच. त्याचे भोग आपल्याच वस्तीनं भोगलेत. सलाइन लावून दोनशे उकळणारे बोगस डॉक्टर कुठल्या वस्तीत बसतात, मलबार हिलला काय? पण मग डॉक्टरसाहेब, तुमच्याच मुद्द्यानं चला. अर्धवट नको ना? मग पूर्ण शिकलेली द्या. चार अधिक दोन वर्षांची द्या. तिला परीक्षा घ्या, परवाना द्या, हद्द आखून द्या, चुकली तर जाब विचारा. ते मान्य नसेल तर तुमचं दुखणं रोग्याच्या जिवाचं नाही, गादीचं आहे.

आता सरकारकडं वळतो. २०२० च्या २२ मार्चला थाळ्या वाजवल्या. ३ मेला हेलिकॉप्टरमधनं इस्पितळांवर फुलं टाकली. पीपीई किटमध्ये आठ आठ तास पाणी न पिता उभ्या राहिलेल्या बायांवर फुलं! दोन वर्षं नुकती उलटली होती, आणि २०२२ च्या मे महिन्यात त्याच सरकारी नर्सना ह्या महाराष्ट्रात संप करावा लागला. मागणी काय? नर्सेसची भरती बाहेरच्या एजन्सीकडं देऊ नका. फुलं सरकारी, नोकरी ठेकेदाराची! मी कंत्राटी आहे, मला ठाऊक आहे ठेकेदार म्हणजे काय. एजन्सीच्या यादीत बिंदुनामावली नसते, आणि बिंदुनामावली नाही म्हणजे आपली जागा नाही. आरक्षण रद्द करायला कायदा लागत नाही, ठेका पुरतो.

खाजगीचं ऐका. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं नर्सेसच्या संघटनेच्या अर्जावर केंद्राला समिती नेमायला लावली. समितीनं सांगितलं, पन्नास खाटांच्या आतल्या इस्पितळातही नर्सला २०,००० रुपयांच्या खाली देऊ नका, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्या. शिफारस झाली. शिफारशीनं चूल पेटत नाही.

आणि पद? बहिणीसाठी मी भरतीच्या जाहिराती चाळतो. अधिपरिचारिका दिसते. परिसेविका दिसते. अधिसेविका, पाठ्यनिर्देशिका दिसते. नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द मी चाळलेल्या एकाही जाहिरातीत मला भेटलेला नाही. २०१६ ला कोर्स काढला, आणि तो करून पोरीनं परत जुन्याच खुर्चीत, जुन्याच पगारात, जुन्याच “डॉक्टरांना कळवले”त जाऊन बसायचं? मग हुशार पोरगी काय करणार? आखातात जाणार, इंग्लंडला जाणार. २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पुरवायचा करार केला. त्यात नर्साही आहेत. जाणाऱ्या पोरीला माझा सलाम, तिनं खुशाल जावं, युरो कमवावेत, आईचं कर्ज फेडावं. पण सरकारला विचारतो. मी गोदीत परदेशचा माल चढवतो, मला निर्यात कळते. जे घरात पुरून उरतं ते निर्यात करतात. तुझ्या जिल्हा रुग्णालयात एका पाळीला किती नर्सा आहेत, मोजलंस काय?

माझ्या घरातलं सांगतो, कारण ह्या गोष्टी हवेतल्या नाहीत. आई एका इस्पितळात कंत्राटी आया होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं हगणंमुतणं काढलं, आणि घरी आल्यावर हात नाकाजवळ नेऊन वास घ्यायची, गेला का म्हणून. धाकटी बी.एस्सी. नर्सिंग झाली. शिष्यवृत्तीचा हप्ता मंत्रालयाच्या कुठल्या टेबलावर झोपला होता कोण जाणे, पण फी थकली म्हणून तिच्या कॉलेजनं तिचे ओरिजिनल कागद दाबून ठेवले. कागद नाहीत तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर नोकरी नाही. मुकादमाकडनं उचल घेऊन ते कागद सोडवले. गहाण पडलेली भांडी सोडवतात तसे. आता ती आयसीयूत आहे आणि तिला पुढं शिकायचंय. घरात बसून हिशोब केला. तिचा पगार दोन वर्षं बंद झाला तर भाडं कोण भरणार, आईची शुगरची औषधं कोण आणणार. नातेवाईक म्हणाले, लग्नाचं बघा. ती मला एवढंच म्हणाली, “दादा, पेशंट चाललाय हे मला आधी कळतं. कळल्यावर करायचं काय ते मला शिकायचंय. हात बांधून उभं राहायचा कंटाळा आलाय.” मी म्हटलं, जा. डबल पाळी करीन. पण दोस्तहो, एका बहिणीच्या डिग्रीसाठी एका भावाचं कंबरडं लागतं, ही काही समाजव्यवस्था झाली नाही. ज्यांना भाऊ नाही त्यांनी काय करायचं?

ही पदवी महाग का पडते? फीपेक्षा जास्त ती बुडालेल्या पगारानं महाग पडते. श्रीमंताची पोरगी दोन वर्षं नुसती शिकू शकते. आपली पोरगी कमावती असते, तिच्यावर पाच तोंडं असतात. म्हणून रेसिडेन्सीला जगण्यापुरतं विद्यावेतन हा मुख्य मुद्दा आहे. ऐंशी टक्के वेळ ती इस्पितळातच राबणार, मग फुकट का राबेल? डॉक्टरला रेसिडेन्सीत पगार असतो. नर्सची रेसिडेन्सी म्हणजे काय वेठबिगार?

आता परत आपल्या भावांकडं येतो, कारण त्यांना सोडलं तर हा लेख खोटा पडेल. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराची जागा त्याच्या वारसाला मिळते. ती भाकर आहे, ती कुणी सोडावी असं मी म्हणणार नाही. पण बघा गंमत. झाडू वारसानं मिळतो, स्टेथोस्कोप मिळत नाही. त्याला सीईटी, पर्सेंटेज, जात पडताळणी, अनुभवाचा दाखला. घाण काढायला आपली जात कुणी पडताळत नाही, ती बघताक्षणी पटते. ह्या इस्पितळांत मामा, मावशी, आयाबाई म्हणून आपली माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्या पोरीनं त्याच दारातनं आत जाऊन औषधाच्या चिठ्ठीखाली स्वतःचं आडनाव लिहावं, ह्याच्याइतका मोठा मोर्चा मला दुसरा दिसत नाही. आणि तुम्ही तिला म्हणता, बेडपॅन!

तुम्हाला नर्सचा पगार चालतो, नर्स बायको चालते, पण तिची रात्रपाळी चालत नाही. “बायको पुढं शिकली तर डोक्यावर बसेल.” बसू द्या की! डोक्यावर शेंडीवाले बसले होते ते उतरवायला आपण निघालो, आणि बायकोच्या डोक्यावर आपण बसलो, हा कुठला आंबेडकरवाद? १९०७ ला बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा समाजानं सत्कार केला. मॅट्रिक ही तेव्हा केवढी गोष्ट! ते तिथंच थांबले असते तर त्यांना कारकुनी मिळाली असती आणि आपल्याला काही नाही. ते थांबले नाहीत. पदवीवर थांबले नाहीत, एम.ए.वर थांबले नाहीत. शेवटची पायरी संपेपर्यंत चढले, कारण त्यांना ठाऊक होतं की खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याचं ऐकून घेत नाहीत. मग आपल्या पोरीला “जी.एन.एम. झाली, बस झालं” म्हणणारे आपण कोण?

आणि पोरांनो, तुम्हीसुद्धा. नर्सिंग हा बायकी धंदा नाही. ब्रदर म्हणून वॉर्डात उभं राहा. एमपीएससीच्या क्लासला तीस वर्षांचे होईपर्यंत बसण्यापेक्षा व्हेंटिलेटर शिका.

मागायचं काय ते स्पष्ट बोलू, नाहीतर नुसतीच बोंब होते. नर्स प्रॅक्टिशनर हे पद सरकारी आणि महापालिकेच्या इस्पितळांत मंजूर करा, त्याची वेतनश्रेणी लिहा, आणि ते पद कायम ठेवा, कंत्राटी नको. औषध लिहिण्याची तिची हद्द कायद्यात लिहा. एखाद्या साहेबाच्या मर्जीवर सोडू नका. आयसीयूइतकीच पूर्ण दोन वर्षांची नर्स प्रॅक्टिशनर प्राथमिक आरोग्याला, सिकल सेलला, झोपडपट्टीच्या दवाखान्याला द्या. रेसिडेन्सीला विद्यावेतन द्या. राखीव जागा भरा, “योग्य उमेदवार मिळाला नाही” ही थाप बंद करा. शिष्यवृत्ती वेळेवर द्या, आणि फी थकली म्हणून पोरीचे कागद दाबणाऱ्या कॉलेजवर केस घाला. २०२३ ला संसदेनं नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा केला, जुना १९४७ चा कायदा बदलायला. नवा कायदा, नव्या खुर्च्या. त्या खुर्च्यांसमोर आपल्या पोरी निवेदन घेऊन उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि उद्या त्या खुर्च्यांत बसल्या पाहिजेत.

आपल्या बाजूनं? प्रत्येक समाजमंदिरात एक कपाट नर्सिंगच्या पुस्तकांना द्या. जयंतीच्या डीजेला जी वर्गणी फाडता तिच्यातली निम्मी बाजूला काढा आणि एका पोरीचं दोन वर्षांचं घरभाडं भरा. एका जयंतीला एक नर्स प्रॅक्टिशनर. दहा वर्षांत दहा. त्या दहाजणींचा एक दवाखाना वस्तीत उघडला तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला आणखी एक हार घालायची गरज राहणार नाही.

हजार वर्षं आपल्या बायांनी ह्या देशाच्या नाळा कापल्या. आता चिठ्ठीवर औषधाचं नाव त्यांच्या अक्षरात पाहिजे, आणि खाली सही पूर्ण नावानिशी, आडनावासकट.

जयभीम.